पागोळी ते पोकर

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरांना दोन वेळा घड्याळ न बघता कळत. एक पाळी बदलण्याची आणि दुसरी आकडा येण्याची. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी कोणालातरी हाक मारून विचारायचा, "कल्याण काय आला?" मला वाटायचे, ही शेजारच्या कल्याण गावाची खबर असावी. दहा-बारा किलोमीटरवरचे गाव, तिथून रोज काही ना काही येतच असे. पुष्कळ वर्षांनी कळले की या 'कल्याण'चा त्या गावाशी काही संबंध नव्हता. कल्याणजी भगत नावाचा कच्छमधून मुंबईत आलेला आणि वरळीत किराणा दुकान चालवणारा एक माणूस होता. १९६२ साली त्याने मटका सुरू केला आणि त्याचे नाव त्या खेळाला कायमचे चिकटले.

आमच्या ओळखीचा एक कांडीवाला, म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणारा, होता. उत्तर प्रदेशातून आलेला, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवायचा, कारखान्यातच पथारी टाकायचा. पगार झाला की गावाकडच्या मनिऑर्डरीच्या आधी त्याचे दोन-पाच रुपये आकड्यावर जायचे. एकदा तो पानटपरीच्या मागे चिठ्ठी लावताना पकडला गेला. दंड भरून सुटला, दोन दिवसांची मजुरी बुडाली, पण त्याचे त्याला फारसे दुःख नव्हते. त्याला जन्मभर सलले ते वेगळेच. एकदा त्याची दोन आकड्यांची जोडी लागली होती. एका रुपयाला नव्वद रुपये या भावाने त्याचे पैसे निघत होते, आणि चिठ्ठी घेणारा दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. तक्रार कुठे करणार? पोलीस ठाण्यात गेला असता तर आधी त्यालाच बसवून ठेवले असते.

जुगार खेळणाऱ्याला नेहमी या दोन भीती असतात. धाड पडली तर आपण गुन्हेगार, आणि जिंकलो तरी पैसे मिळतीलच याला कोणाची हमी नाही. पहिल्या भीतीवर वर्तमानपत्रे भरभरून लिहितात. दुसरीबद्दल क्वचितच कोणी बोलतो. मुंबई इलाख्यात दोन्हींची मुळे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यांत आहेत, आणि आज फोनवर पोकर खेळणारा पोरगासुद्धा त्याच मुळांत पाय अडकवून उभा आहे.

दुसरी भीती वयाने मोठी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार शून्य ठरवला. पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात तर त्याआधीच, १८६५ साली, याहून कडक कायदा झाला होता. पैजच नव्हे, तर पैजेला जोडून झालेले करारही त्याने निरर्थक केले. देशात इतरत्र पैजेसाठी दिलेल्या उसनवारीचा दावा कदाचित चालला असता, आमच्याकडे तोही चालत नव्हता. हेतू असा, की कोर्टाचा आधार काढून घेतला की जुगार आपोआप वाळून जाईल. तो वाळला नाही. कोर्टाची जागा बुकीच्या शब्दाने घेतली, आणि शब्द मोडला तर दांडगाईने.

पहिल्या भीतीचा कायदा १८८७ चा. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा हे त्याचे मूळ नाव. मुंबईच्या जागी महाराष्ट्र एवढाच त्याच्या पाटीत बदल झाला, आणि आजही पोलिसांच्या पत्रकात 'कलम १२ (अ) प्रमाणे कारवाई' असे जे छापून येते ते याच कायद्याचे. त्याची बहुतेक रचना जागेभोवती आहे. जुगाराचा अड्डा, तिथले साहित्य, तिथे हजर असलेली माणसे. चौथे कलम अड्डा चालवणाऱ्याला, पाचवे तिथे सापडलेल्याला. खेळ चालू असताना जो तिथे सापडेल तो खेळायलाच आला होता असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. फौजदारी कायद्यात आरोपीला मिळणारा संशयाचा फायदा इथे उंबरठ्याबाहेरच राहतो. पोलीस आत शिरतात, अंगझडती घेतात, पत्ते आणि रोकड हस्तगत करतात, पंचनामा करतात. दार आहे, छप्पर आहे, माणूस हाताला लागतो, तोवर हा कायदा नीट चालतो.

आणि नेमके छप्परच पहिल्यांदा त्याच्या आड आले. त्या काळी मुंबईत पावसावर सट्टा चालत असे. दिवसाचे भाग पाडून, अमुक वेळात छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, किंवा ठरलेल्या मापाचे भांडे भरून वाहील की नाही, यावर पैसे लागत. आभाळाकडे बघून अंदाज सांगणारे जाणकारही तयार झाले होते. कायदा झाल्यावर दोनच वर्षांत, १८८९ साली, नरोत्तमदास मोतीराम यांच्यावरचा खटला उच्च न्यायालयापुढे आला. पाऊस पडणे हा काही खेळ नव्हे आणि पन्हळ हे जुगाराचे साधन नव्हे, असे तिथे ठरले. पागोळीला पंचनाम्यात कसे धरणार? सरकारला पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, दुरुस्ती करून पैज लावणे हेही जुगारात घालावे लागले आणि साधनाची व्याख्या पसरट करावी लागली.

मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे सव्वाशे वर्षे जे घडत राहिले त्याचा सांगाडा त्यात आहे. खेळाचा निकाल पोलिसांच्या हाताबाहेर ठेवायचा. आधी तो आभाळात होता. मग तो समुद्रापार गेला.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जे भाव निघत, ते टेलिप्रिंटरने मुंबईच्या कापूस बाजारात येत. त्या भावांच्या शेवटच्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथून आलेले आहेत. गिरणगावातल्या माणसाला कापूस परका नव्हता. तो दिवसभर त्याच्या तंतूंत श्वास घेत होता. मात्र त्याच्या चार आण्यांचा निकाल हजारो मैलांवरच्या बाजारात लागत होता आणि तिथल्या कोणालाही याचा पत्ता नव्हता. अशा जुगारात एक विचित्र प्रामाणिकपणा असतो, कारण निकालात हात घालणे स्थानिक बुकीला जमत नाही. १९६० च्या दशकाच्या तोंडावर न्यूयॉर्कहून येणारे हे भाव थांबले. निकाल आता मुंबईतच, कोणाच्या तरी हातात तयार होणार होता.

तिथे कल्याणजी भगत आला आणि १९६४ साली 'न्यू वरळी' मटका घेऊन रतन खत्री. खत्री फाळणीत कराचीहून आलेला सिंधी. सुरुवातीला मडक्यातून चिठ्ठ्या काढत, म्हणून मटका. पुढे पत्ते आले. पद्धत अशी: शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे, समजा ५, ३ आणि ६. बेरीज १४, शेवटचा आकडा ४, तो ओपन. रात्री पुन्हा तीन, समजा ८, २, ८. बेरीज १८, म्हणून क्लोज ८. जोडी झाली ४८. एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ, जोडीला नव्वद. आकडे दहा आणि भाव नऊचा, जोड्या शंभर आणि भाव नव्वदचा. म्हणजे रुपयातले दहा पैसे चालवणाऱ्याचे, आणि तेही कोणीही काहीही लबाडी न करता. आमचा कांडीवाला हिशेबात पक्का होता, ताग्याचे मीटर तोंडपाठ सांगायचा. हे दहा पैसे मात्र त्याच्या कधी डोळ्यांपुढे आले नाहीत. लागलेला आकडा दिसतो. कापलेले दहा पैसे दिसत नाहीत.

खत्रीच्या सोडतीवर लोकांचा विश्वास होता, असे जुनी माणसे आजही सांगतात. पत्ते चारचौघांसमोर काढले जात. कायद्याने ज्या व्यवहाराला शून्य किंमत दिली, तो व्यवहार निव्वळ पतीवर उभा होता. आणीबाणीत खत्री पकडला गेला आणि सुमारे १९ महिने तुरुंगात होता. तरी मटका थांबला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरणगाव विझत गेले, आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे सरकले. कामाबरोबर कामगारांच्या सवयीही सरकल्या असणार. आमच्या गल्लीतला आकडा त्या वाटेवरचाच एक मुक्काम होता, असे मी समजतो.

मटक्याच्या आधीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण आजच्या ऑनलाइन खेळांचे खरे पूर्वज तिच्यात भेटतात. १९५० च्या सुमारास शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे वेड होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांची स्पर्धा 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चाले. साप्ताहिक निघायचे बंगळुरूहून, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यातून, पण खपायचे मुंबई राज्यात ढीगभर. मुंबईत प्रवेशपत्रिका आणि पैसे गोळा करणारी केंद्रे होती. खेळणारा गिरगावात, पैसे गिरगावात, आयोजक मात्र राज्याबाहेर. मुंबई सरकारने बक्षीस स्पर्धांवरच्या १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून बाहेरून येणाऱ्या अशा पत्रांच्या स्पर्धाही परवान्याखाली आणि कराखाली आणल्या. चमारबागवाला कोर्टात गेले. आमचा व्यवसाय दुसऱ्या राज्यातला, मुंबईचा त्याच्याशी संबंध काय, हा त्यांचा सवाल. उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली.

९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून महाभारतातल्या द्यूतापर्यंत आणि स्मृतिकारांपर्यंत मागोवा घेतला. निष्कर्ष दोन निघाले. लोक इथे, पैसे इथे, तर छापखाना कुठेही असो, राज्याचा हात पोचतो. आणि जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. त्याच निकालात एक दारही उघडे राहिले: यश ज्या स्पर्धेत बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, तो व्यवसाय. १८८७ च्या कायद्याच्या १३ व्या कलमातही निव्वळ कौशल्याचे खेळ आधीच वगळलेले होते. त्या दारातून पुढे अख्खी बाजारपेठ आत आली.

१९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबवरच्या धाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले. तीन पत्त्यांचा फ्लश मात्र निव्वळ नशिबाचा. पोकर या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिला. दोन पत्ते हातात, पाच सगळ्यांसमोर; पत्ते नशिबाचे, पण किती लावायचे, कधी पाने टाकायची, समोरच्याची थाप कशी ओळखायची हे डोक्याचे. २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगार ठरवले. नागालँडने आपल्या कायद्यात त्याला कौशल्याच्या यादीत घातले. तमिळनाडूने २०२२ मध्ये नशिबाच्या यादीत टाकले, आणि पुढच्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने ती यादी रद्द केली. फोन तोच, पत्ते तेच. रेल्वेने राज्याची हद्द ओलांडली की खेळणाऱ्याची कायदेशीर जात बदलायची.

महाराष्ट्रात ऑनलाइन खेळांसाठी स्वतंत्र कायदा नव्हताच. १९७६ चा कॅसिनो कायदा कधीही अमलात न आणता २०२३ साली रद्द केला गेला. उरला १८८७ चा, ज्याला दार लागते आणि छप्पर लागते. एखाद्या इमारतीत पोकरचे टेबल मांडले तर धाड पडे. माणकोलीच्या किंवा राहनाळच्या गोदामात बारा तासांची पाळी करणारा पोरगा दोन खोक्यांच्या आडोशाला फोनवर तोच खेळ खेळला तर अड्डा कुठला म्हणायचा?

'कौशल्याचा खेळ' या शिक्क्याने खेळणाऱ्याला सुरक्षित वाटू लागले, आणि इथे त्याची मोठी फसगत झाली असे माझे मत आहे. कौशल्याचा खेळ याचा सरळ अर्थ असा, की कसलेला खेळाडू दीर्घकाळात नवख्याचे पैसे नेणारच. मटक्यात कांडीवाला आणि शेटजी यांना आकडा सारखाच लागायचा. पोकरच्या टेबलावर ती समताही नाही. वर प्रत्येक डावातून आयोजकाचा वाटा, ज्याला रेक म्हणतात, तो वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर होताच.

हे झाले सरळ चालणाऱ्या कंपनीबद्दल. टेबलच खोटे असेल तर? पत्ते पिसताना दिसत नाहीत. समोरचे दोघे फोनवर एकमेकांना पाने सांगत असतील, किंवा समोर माणूस नसून यंत्रच असेल. परदेशातल्या अल्टिमेटबेट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या प्रसिद्ध साइटांवर आतल्या लोकांना समोरच्यांची झाकलेली पाने दिसत होती, हे २००७-०८ मध्ये उघड झाले, तेही खेळाडूंनीच डावांच्या नोंदी चाळून पकडले म्हणून. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने बड्या पोकर साइटांवर टाच आणली. त्यानंतर उघड झाले की फुल टिल्ट पोकर ही कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि तिच्या बँकेत सुमारे ६ कोटीच होते. खेळाडूंच्या पडद्यावर मात्र त्यांची शिल्लक पै न पै दिसत होती. तिथे सरकारने तडजोडीतून पैसा मिळवला आणि पुढे खेळाडूंना परत वाटला. आपल्याकडे असे काही झाले तर १८७२ चे ३० वे कलम आडवे येते.

आपल्याकडे झालेच. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटींची फसवणूक झाल्याचे प्रकरण पुढे आले. नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका बुकीच्या घरी छापा घातला. कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले. सुरुवातीला व्यापारी जिंकत होता, मग हरतच गेला. ॲपच आतून फिरवलेले होते, हा पोलिसांचा संशय. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'महादेव' या सट्ट्याच्या ॲपबद्दल मुंबईत माटुंग्याला गुन्हा नोंदला गेला आणि केंद्र सरकारने असे २२ ॲप बंद करायला सांगितले. अशा ठिकाणी पैसा थेट कंपनीकडे जात नाही. तो कोणातरी गरिबाच्या भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून फिरतो. मग तपासात ती खाती गोठतात, आणि ज्याने ओळखीच्याला सहज खाते वापरू दिले तो आरोपी होतो. भिवंडीसारख्या, परगावच्या एकट्या पोरांनी भरलेल्या गावात मला ही भीती सगळ्यात खरी वाटते. परदेशी साइटवर पैसे पाठवणाऱ्यावर परकीय चलनाच्या नियमांचे झेंगट येऊ शकते, हे तर त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने हा सगळा गुंता एका घावात तोडायचा ठरवले. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे आणि ५० लाखांपर्यंत, पैसे फिरवणाऱ्या बँका-कंपन्यांनाही शिक्षा. पोकरबाझी, अड्डा५२, ड्रीम११ यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले. कायद्याला आव्हान दिले गेले आणि उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मथळ्यांत फारशी आली नाही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. १८८७ चा कायदा ज्याला दारात पाहताक्षणी गुन्हेगार धरत होता, त्याच माणसाकडे २०२५ चा कायदा नाडला गेलेला म्हणून बघतो. कांडीवाल्याची पहिली भीती फोनपुरती तरी गेली. दुसरी जागच्या जागी आहे, कदाचित वाढलेली. उघड्यावरच्या कंपन्या दुकान बंद करून निदान खात्यांतले पैसे काढू देत होत्या. आता टेलिग्रामवर येणाऱ्या लिंका आहेत, व्हीपीएन आहे, आणि पलीकडे कोण बसले आहे ते कोणालाच माहीत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर गोदामात काम करणारा एक ओळखीचा मुलगा माझ्याकडे आला. बावीस-तेवीस वर्षांचा, घरच्या लग्नासाठी उचल घेतलेली. सगळी अशाच एका लिंकवर गेली होती, आणि मग थोडी जिंकलीही होती, म्हणून तो घाबरला होता. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, "माझ्यावर केस होईल का?" मी म्हटले, तू खेळलास म्हणून या नव्या कायद्यात तुला शिक्षा नाही. १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरला फोन कर, तक्रार नोंदव, तुझे खाते कोणाला वापरू दिले असशील तर तेही आजच सांगून टाक. त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. शिल्लक एकेचाळीस हजार तीनशे. खाली पैसे काढण्याचे बटण, आणि त्यावर एक चक्र फिरत होते.

"कधीपासून फिरतंय?" मी विचारले.

"अकरा दिवस झाले," तो म्हणाला. बाहेर पाळीची गाडी येऊन थांबली होती. त्याने फोन बंद केला नाही, तसाच शर्टाच्या खिशात ठेवला आणि गाडीकडे गेला.